समुद्रातल्या विहिरीचा गूळ

माझा नवरा समुद्रात विहिरी खणायचा. हे वाक्य मी धारमध्ये इतक्या जणांना सांगितलं की पुढे पुढे मी ते सांगणंच सोडून दिलं. ऐकणारा आधी हसायचा आणि मग म्हणायचा, "समुंदर में कुआँ? भाभी, वहाँ तो पानी ही पानी है." मला राग यायचा. राग तसा माझ्या नाकावरच असतो, माहेरचं कुणीही सांगेल.

माहेर देवासचं. वडील मिरजेकडून कारखान्याच्या नोकरीसाठी आले आणि तिथलेच झाले. आमच्या कॉलनीत नोकरी म्हणजे सकाळी भोंगा झाला की माणूस आत जाणार आणि संध्याकाळी भोंगा झाला की डबा हलवत घरी येणार. माणूस रोज संध्याकाळी घरी दिसतो, एवढ्यावरच आमच्या आयांचा संसार उभा होता. धारला लग्न होऊन आले, तर इथे सगळाच वेगळा प्रकार. सासरच्या घराण्याकडे संस्थानच्या काळात तलाव-विहिरींची देखरेख होती. संस्थान गेलं, देखरेख गेली, बोलण्यातला 'साहेब' तेवढा राहिला. सासऱ्यांना आबासाहेब म्हणायचं, सासूबाईंना आईसाहेब. घरात मराठी अशी की माझ्या कॉलनीतल्या मराठीला सासूबाई 'रेल्वेची', म्हणजे चार गावची सरमिसळ, म्हणायच्या.

आबासाहेब सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पण त्यांची खरी ओळख होती पाणी बघणारा माणूस म्हणून. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते शेतातून अनवाणी चालायचे. जिथे नारळ उभा राहील तिथे बोअरिंग करायचं. कुक्षी, धामनोद, पार डहीपर्यंतची माणसं जीप घेऊन त्यांना न्यायला यायची. ते पैसे घेत नसत. पाणी लागलं की त्या घरची माणसं पहिल्या पाण्याचा तांब्या आणि गूळ-धने घेऊन आमच्या ओट्यावर यायची, आणि आबासाहेब तो गूळ सगळ्या गल्लीला वाटायला लावायचे. पाणी जितकं उंच उडालं तितका गूळ जास्त. कुठे नळीतून पुरुषभर कारंजं उडालं, तर त्याची गोष्ट पुढचं वर्षभर चालायची.

अशा घरातला एकुलता एक मुलगा इंजिनिअर झाला आणि मुंबईपासून दूर समुद्रात तेलाच्या रिगवर लागला. हुद्दा मड इंजिनिअर. मड म्हणजे चिखल, हे आबासाहेबांना कळलं त्या दिवसापासून त्यांनी ते मनाला लावून घेतलं होतं. "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," ते म्हणायचे. "पाच वर्षं शिकून आमचे चिरंजीव चिखल कालवतात."

त्यात कामाची पद्धत अशी, की दोन आठवडे रिगवर आणि दोन आठवडे घरी. हे घरी असले की भर सोमवारी दुपारी ओट्यावर बसून शेंगा फोडत असायचे. गल्लीला खात्री होती की नोकरी सुटली आहे आणि आम्ही ताकाला जाऊन भांडं लपवतो आहोत. समोरचे काका तर एकदा मला हळूच म्हणाले होते, "बहूरानी, कहीं बात चलानी हो तो बोलना, मेरी पहचान है."

समुद्रात विहीर कशी खणतात हे ह्यांनी मला स्वयंपाकघरात बसून समजावलं, एका बैठकीत नव्हे, दोन-चार सुट्ट्यांमध्ये. सुरुवात खाटेपासून झाली.

"समज, एक भलीमोठी खाट आहे. तिचे पाय वर ओढून घेतलेत. ती पाण्यावर तरंगते, बोटी तिला ओढत नेतात. जागेवर पोचली की पाय खाली सोडायचे, ते समुद्राच्या तळाशी रुततात. मग खाट त्याच पायांवर चढत चढत लाटांच्या वर जाऊन उभी राहते."

"आणि तुम्ही त्या खाटेवर झोपता?"

"झोपतो, जेवतो आणि मधोमध भोक पाडतो."

"पण जागा कोणती ते कसं कळतं?" हे मी नाही, बाहेरून आबासाहेबांनी विचारलं. त्यांचं लक्ष नाही असं ते दाखवायचे, पण कान सगळे आत. "नारळ कोण फिरवतं तिकडे?"

"जहाज फिरतं, आबासाहेब. पाण्यात मोठा आवाज काढायचा. तो तळाखालच्या खडकांच्या थरांवर आपटून परत येतो, तो ऐकायचा. त्यावरून खालचा नकाशा काढतात."

"आणि तरी कोरडी जाते?"

"जाते की. पुष्कळदा जाते."

"मग आमच्या नारळानं काय घोडं मारलंय," असं म्हणून आबासाहेब समाधानानं पुन्हा पेपरात शिरले.

मला वाटायचं, खाली तेलाचं तळं असेल, नळी घातली की ओढून घ्यायचं. तसं नसतं म्हणे. पाण्यात टाकलेली वीट जशी पाणी पिऊन बसते, तसा खाली दगड तेल आणि गॅस पिऊन बसलेला असतो, आणि वरच्या थरांच्या भारानं ते सगळं जबरदस्त दाबाखाली असतं. तिथवर पोचायला पोकळ पाइप एकाला एक जोडत खाली सोडायचे. टोकाला दातेरी डोकं. पाइप फिरतो, दाते खडक कुरतडतात. आणि चिखल? चिखल वरून पंपानं पाइपात ढकलायचा. तो खाली टोकातून बाहेर पडतो आणि पाइपाच्या बाहेरच्या अंगानं, खडकाचा चुरा घेऊन, वर येतो. वर चाळणीवर चुरा वेगळा होतो, चिखल टाकीत जातो, टाकीतून पुन्हा खाली.

"म्हणजे दिवसभर घुसळणंच," मी म्हटलं.

"घुसळण दिसते. खरं काम वेगळंच आहे. खालचा गॅस वर यायला टपलेला असतो, आणि त्याला खाली दाबून धरतं ते ह्या चिखलाचं वजन. चिखल हलका पडला तर गॅस विहिरीत शिरतो. फार जड केला तर खडकच फुटतो आणि चिखल भेगांमध्ये निघून जातो. माती, पाणी, जड भुकटी, सगळं मापात लागतं. ते माप मी बघतो."

थोडं खोल गेलं की विहिरीत लोखंडी नळी उतरवायची, तिच्या बाहेरून सिमेंट भरायचं, म्हणजे कडा ढासळत नाहीत. मग तिच्या आतून आणखी बारीक भोक पाडत पुढे जायचं, पुन्हा नळी, पुन्हा सिमेंट. वर रुंद, खाली अरुंद. तेल सापडलं की विहिरीचं तोंड नीट बसवून द्यायचं, आणि खाट पाय वर घेऊन दुसऱ्या जागी निघून जाते. तेल काढत बसणारे लोक वेगळे.

"आणि समजा, तुमचं माप चुकलं?"

"विहिरीच्या तोंडावर जाडजूड झडपा असतात, एकीवर एक. त्या मिटायच्या."

आपण घराला कुलूप लावलं म्हणतो त्या सुरात ते हे बोलले आणि ताटलीतली शेंग उचलली. माझं मात्र तेव्हापासून त्या झडपांशी भांडण सुरू झालं. ज्या घराला एकावर एक कुलपं लागतात, तिथे नवऱ्यानं का राहावं?

मला दिवस गेले तेव्हा ते भांडण मी उघडपणे मांडलं. देवासला वडिलांच्या कारखान्यात एक जागा निघाली होती. वडिलांनी वरच्या साहेबांशी बोलून ठेवलं. भोंगा वाजला की आत, भोंगा वाजला की घरी, आणि मुलाला बाप रोज दिसणार. मला तेवढंच हवं होतं, आणि ते मी ह्यांना सकाळ-संध्याकाळ ऐकवत होते. आबासाहेब माझ्या बाजूचे. चिखल सुटणार म्हणून ते तर एका पायावर तयार होते. हे मात्र हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. "पुढच्या सुट्टीत सांगतो," म्हणून रिगवर गेले. वडिलांनी कळवलं, साहेब आता थांबायचे नाहीत, सुट्टीतल्या पहिल्या रविवारी मी धारला येतो आणि होकार घेऊन जातो.

पण सुट्टीचा दिवस आला आणि हे आले नाहीत. त्यांच्याऐवजी दुपारी रिगवरचाच एक माणूस दारात आला. कुक्षीचा होता, पाइप जोडणाऱ्या टोळीत काम करायचा. इंदूरहून कुक्षीला जाणारी बस धारच्या स्टँडवर चहापुरती थांबते, तेवढ्यात धावत निरोप द्यायला आला होता. ओट्यावरूनच आबासाहेबांना म्हणाला, "बाबूजी, भिया थोड़े दिन लेट आएँगे. कुएँ में उछाल आ गया था, गैस का. सबसे पहले भिया ने ही पकड़ा. अब काबू में है, फिकर मत करना." पाणीसुद्धा न पिता तो बससाठी पळाला.

आबासाहेब आत आले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "सूनबाई, देवापुढे साखर ठेवा. लागली. आपल्या माणसानं लावली."

खोटं कशाला सांगू, मलाही आनंद झाला. विहिरीतून काही उसळून वर आलं म्हणजे विहीर फळली, एवढंच आम्हा माळव्यातल्या लोकांना ठाऊक. आणि ते काबूत ठेवायलाच लागतं, बोअरिंगला पाणी जोरात आलं की तोंडावर झाकण बसवावंच लागतं. आबासाहेबांनी बाजारातून गूळ आणला, आईसाहेबांनी धने काढले, आणि गल्लीत घरोघर वाटप झालं. दुसऱ्यांच्या विहिरींचा गूळ त्यांनी जन्मभर वाटला होता. हा पहिल्यांदा घरचा. "आमच्या चिरंजीवांनी समुद्रात लावली," असं प्रत्येक दारात सांगताना ते छाती काढून उभे राहायचे. नारळ न फिरवता लावली, हेही वर सांगायचे.

हे आले ते दाढी वाढलेले, गालफडं बसलेली. रिक्षातून उतरतात न उतरतात तोच समोरच्या काकांनी गूळ त्यांच्या तोंडात कोंबला. "बधाई हो भिया, सुना आपके कुएँ में बड़ा उछाल आया." ह्यांनी काकांकडे पाहिलं, ओट्यावर ताठ उभ्या असलेल्या आपल्या वडिलांकडे पाहिलं, आणि गूळ चावून गिळला. वाकून पाया पडले. आबासाहेबांनी पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विचारलं, "खरंच एवढं मोठं काही लागलं का?" हे भिंतीला टेकून बसले होते.

"तेल, गॅस वर येतो तो नंतर, झडपेतून, आपण सोडू तेवढाच. खणताना आपणहून उसळून आला, तर आम्ही मेलो."

मग त्यांनी सांगितलं. टाकीतला चिखल वाढायला लागला होता. जेवढा खाली पाठवत होते त्याहून जास्त वर येत होता, म्हणजे खालून काहीतरी ढकलत होतं. ह्यांनी ओरडून पंप थांबवायला लावले. पंप थांबले तरी विहीर वाहतच राहिली. झडपा मिटल्या. नंतर दाब मोजायचा, आता चिखल किती जड हवा ते ठरवायचं, तो कालवायचा, आणि हळूहळू खाली सोडत, आत शिरलेला गॅस बारीक तोंडातून बाहेर काढून लांब जाळून टाकायचा. तिथे घाई चालत नाही. खाली मुठीएवढा असलेला गॅस वर येता येता फुगत जातो. एक ठिणगी पुरते.

"ज्यांचं काम नव्हतं त्यांना लाइफ जॅकेट घालून बोटींपाशी उभं केलं होतं," ते म्हणाले.

"आणि तुम्हाला?"

"माझं काम होतं."

मग मला एकदम आठवलं ते गूळ-धने. आम्ही त्या दिवसाचा गूळ वाटला होता, घरोघर, आणि मी स्वतः दोनदा खाल्ला होता. मी उठलेच. ह्यांनी माझा हात धरला. "आबासाहेबांना सांगू नको. जन्मात पहिल्यांदा त्यांना माझ्या कामाचं काही वाटलं आहे."

ह्यांचं ऐकून मी गप्प बसले. आणि शनिवारी रात्रीच्या जेवणाला आबासाहेब मोठ्या खुशीत म्हणाले, "उद्या व्याही येतील, त्यांना आदरानं सांगू, कारखान्याचं राहू द्या. समुद्रात विहीर लावणाऱ्याला भोंग्याच्या दावणीला कशाला बांधायचं?" माझ्या हातातला डाव तिथेच थांबला. ह्यांना समुद्रावरून परत आणायला घरात माझ्याखेरीज एकच माणूस होता, आणि तोच आता गुळापायी उलटला होता. हे खाली मान घालून जेवत होते. तेव्हा मला कळलं की ह्यांना हेच हवं आहे.

रविवारी वडील आले. पंगत बसली, मी वाढत होते. आबासाहेबांनी घास हातात धरून विषय काढला, विहिरीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली, आणि वडील बिचारे हसून ऐकत होते. 'उसळी आली' इथवर गोष्ट आली आणि माझं डोकं फिरलं.

"आबासाहेब, तुम्ही गूळ कशाचा वाटलात ठाऊक आहे का? ती उसळी म्हणजे मरण होतं. बाकीची माणसं जीव वाचवायला बोटींपाशी उभी होती आणि तुमचा मुलगा विहिरीच्या तोंडाशी चिखल कालवत होता. त्या दिवशी तो जळून मेला असता. आणि आपण इथे त्याचाच गूळ खाल्ला."

सुनेनं सासऱ्यांना असं बोलायचं नसतं. आईसाहेबांनी तोंडाला पदर लावला. वडील मला दटावायला लागले. आबासाहेबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि मुलाकडे वळून विचारलं, "खरं?"

"हो."

"कसा थांबवलास?"

ह्यांनी सांगितलं. मला सांगितलं होतं तेच, पण आणखी सविस्तर. आबासाहेब मधून मधून विचारत होते. झडप मिटल्यावर खालचा दाब कसा कळतो? जड चिखल किती वेळानं तळाला पोचतो? तळहातावर नारळ धरून चालताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा, अगदी तसा झाला होता. भात सगळ्यांच्या ताटात निवून गेला.

"आत्ता तुझ्या जागी कोण आहे?"

"दुसरा आहे, आबासाहेब. नवा आहे, पण हुशार आहे."

"तुला भीती वाटते का?"

हे मी लग्न झाल्यापासून कधी विचारलं नव्हतं. मी फक्त मला वाटते एवढंच सांगत आले होते. ह्यांनी माझ्या वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "वाटते. टाकीपाशी बसलो की प्रत्येक वेळी वाटते."

आबासाहेब पाटावर जरा मागे सरकले. "डहीकडे मी एक विहीर दाखवली होती," ते म्हणाले. "सुरुंग लावून खोदत होते. उतरणारे दोघे. एक हसत हसत, धूर निवळायच्या आधीच उतरायचा. दुसरा काठावर बसून वाट बघायचा, आधी कंदील सोडून तो विझतो का ते पाहायचा. गाव त्याला भित्रा म्हणायचं. हसणारा त्याच विहिरीत राहिला. मी पाणी दाखवून गूळ घेऊन आलो होतो. उतरणाऱ्यांची चौकशी मी कधी केली नाही." मग मुलाला म्हणाले, "ज्याला भीती वाटते तोच तिथे पाहिजे. तू जा."

माझ्या बापाचं ताट अर्धं तसंच राहिलं. ते हात धुऊन, सगळ्यांचा मान राखून निरोप घेऊन, लवकरच्या बसनं देवासला गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "मी साहेबांना सांगतो काहीतरी. तू जपून राहा." त्यांनी कुणाच्या तरी पाया पडून ती जागा धरून ठेवली असणार, हे त्यांच्या पाठीकडे बघून मला समजत होतं. मला त्या घरातल्या सगळ्यांचाच संताप आला होता, आणि सगळ्यात जास्त आबासाहेबांचा. दुसऱ्याच्या नवऱ्याला 'जा' म्हणायला काय जातं?

हे सुट्टी संपवून गेले. मी आबासाहेबांशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायचं, औषध पुढे ठेवायचं, पण शब्द नाही.

त्यांनी कुठूनसा एक जुना रेडिओ दुरुस्त करून आणला आणि रोज सकाळी तो कानाशी धरून ओट्यावर बसायला लागले. मला वाटलं, भजनं ऐकत असतील. धारला मुंबईचं स्टेशन फार खरखरत लागायचं. एकदा मी झाडू घेऊन बाहेर गेले तेव्हा कानावर पडलं. कोळ्यांसाठी समुद्राचं हवामान सांगत होते. वारा कुठला, लाटा कशा, नावा घालायच्या की नाही. समुद्र जन्मात न पाहिलेला तो म्हातारा डोळे मिटून एक एक शब्द वेचत होता.

मी तिथेच उभी राहिले. बातमी संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. मी दिसले, तसं म्हणाले, "आज समुद्र शांत आहे, सूनबाई."

मी झाडू ठेवला आणि त्यांच्याशेजारी ओट्यावर बसले. म्हटलं, "उद्या मला पण हाक मारा."